रिपोर्टात कावीळ, घोडा उपाशी: दिंडोरीकडच्या एका शर्यतीच्या घोड्याचं प्रकरण

रिपोर्टवर तीन आकडे ठळक छापलेले होते आणि त्यांच्याखाली कुणीतरी लाल पेनाने रेघाही ओढल्या होत्या: बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य, ४.२; एसजीओटी ३४० आणि सीपीके ४८०, ही पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं (एन्झाइम). खाली शेरा होता, यकृताची तपासणी करून घ्यावी. पेशंटच्या नावाच्या जागी मालकाचं आडनाव आणि वयाच्या रकान्यात ७. पेशंट घोडा आहे हे लॅबला सांगितलं होतं की नाही, यावर त्या तबेल्यात अजूनही दोन मतं आहेत.

घोडा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा, खच्ची केलेला, रंगाने कुम्मैत (तांबूस-तपकिरी), मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर पळून झालेला. महालक्ष्मीचा हंगाम हिवाळ्यातला, पुण्याचा पावसाळ्यातला. दोन्हीकडे पळूनही जे घोडे आपल्या चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, खर्च भरून काढत नाहीत ते विकले जातात. काही रायडिंग क्लबात जातात, काही वरातीत नाचतात, काही आमच्याकडच्या बागायतदारांच्या दारात येतात. द्राक्षाचं वर्ष बरं गेलं की आधी नवा ट्रॅक्टर येतो, मग घोडा. दिंडोरी तालुक्यातल्या नानांकडे हा तसाच आला. नाना सत्तरीला टेकलेले आहेत. घोड्यावर बसतो पुतण्या, आणि घोड्याचं सगळं करतात चाचा, ज्यांनी उभं आयुष्य मोतद्दारीत काढलंय.

मी घोड्यांचा डॉक्टर नाही. माझा दिवस संकरित गाईंच्या मागे जातो, घोडे अधूनमधून. पण गाईंच्या डॉक्टरला चरबीच्या चयापचयाशी रोज झटापट करावी लागते, आणि हे प्रकरण शेवटी तिथेच येऊन थांबलं.

झालं होतं असं. थंडीचे दिवस, निफाडचा पारा रोज पेपरात येण्याचे. दुसऱ्या गावात दौड होती. बाराशे मीटरच्या दोन फेऱ्या, मधे थोडा दम. आदल्या दिवशी दुपारी घोड्याला चंदी दिली आणि त्यानंतर 'पोट हलकं असावं' म्हणून चाऱ्याची गव्हाणच रिकामी करून टाकली. संध्याकाळी पिकअपमध्ये चढवलं. रात्र अनोळखी जागी, उघड्यावर, पाठीवर एक झूल. सकाळी दोन्ही फेऱ्या पळाला, बरा पळाला. दुपारी घरी आणला तेव्हा तोबऱ्यात चंदी ठेवली, तर हुंगून तोंड फिरवलं. पाणी थोडं प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळीही चंदीला शिवला नाही, म्हणून गावातल्या एकाने रक्त काढलं आणि जवळच्या माणसांच्या लॅबला दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून कावीळ ठरवली. तूप बंद, तेल बंद, चंदी बंद, चारा 'पचायला जड' म्हणून अगदी नावाला, आणि बादलीने उसाचा रस. गळ्यात काविळीची माळही घातली.

नानांचा फोन आला तो असा: "डॉक्टर, घोड्याला कावीळ झालीय. तूप तोडलंय, माळ घातलीय. आता तुम्ही या."

### तपासणी

दौडीनंतरचा तिसरा दिवस. ताप नव्हता. नाडी ५२, म्हणजे विश्रांतीतल्या घोड्याला जास्तच. निरोगी घोड्याची ३० ते ४० च्या आसपास असते. हिरड्या किंचित चिकट, कातडीची चिमूट सावकाश बसत होती, पाणी कमी पडल्याची खूण. डोळ्यातलं पांढरं थोडं पिवळट. तेवढ्यावर मी फारसं विसंबत नाही, कारण कित्येक धडधाकट घोड्यांचे डोळे असे असतात. पोटाचे आवाज दोन्ही बाजूंनी मंद. लीद थोडी, बारीक गोळ्यांची, कोरडी. मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू दाबून पाहिले: कडक नाहीत, घोडा अंग चोरत नाही. लघवी गडद पिवळी होती, पण कॉफीच्या रंगाची नव्हती. म्हणजे दौडीनंतर स्नायू जखडण्याचा जो आजार शर्यतीच्या घोड्यांत नेहमी डोक्यात ठेवावा लागतो, तो बाजूला ठेवता आला.

खरी खूण चाचांनी दाखवली. "साहेब, चंदी खात नाही, पण काल रात्रीपासून कूड कुरतडतोय." तबेल्याच्या एका बाजूचा कुडाचा पट्टा खरंच दातांनी सोलून काढलेला होता. मी लसूण घासाची (ल्यूसर्न, हिरवा चारा) एक पेंढी मागवली. घोड्याने ती हातातून ओढून घेतली, मान वर न करता संपवली आणि रिकाम्या गव्हाणीत नाक घालून पुढची शोधू लागला. यकृत बिघडलेलं जनावर असं खात नाही. भूक चाऱ्याची होती आणि घरचे त्याला रस पाजत होते.

### माणसाची फूटपट्टी

माणसाचं बिलिरुबिन १.२ च्या वर गेलं की लॅबचं सॉफ्टवेअर आकडा आपोआप ठळक करतं. पोटभर खाल्लेल्या निरोगी घोड्याचं बिलिरुबिन २ च्या घरात सहज असतं; त्याचं सीरमच मुळात पिवळं दिसतं, आणि नळी हातात घेतल्यावर नवख्या तंत्रज्ञाला कावीळ वाटते ती तिथूनच. एसजीओटीचं तर विचारूच नका. माणसात ४० च्या आत, घोड्यात २०० ते ४०० ही रोजची पातळी, आणि ते यकृताइतकंच स्नायूंमधूनही येतं. सीपीके तर स्नायूंचंच. दोन भरधाव दौडींच्या दुसऱ्या दिवशी ४८० म्हणजे काहीच नाही. स्नायू जखडले असते तर आकडा हजारांत गेला असता. एसजीपीटी, माणसाच्या यकृतासाठी पाहतात ते विकर, 'नॉर्मल' होतं, आणि त्याचा दिलासा घेण्यात अर्थ नव्हता, कारण घोड्याच्या यकृताबद्दल एसजीपीटी काही सांगतच नाही. जीजीटी मात्र सांगतं, आणि ते घोड्याच्या मापानेही ठीक होतं.

उरले दोन आकडे. बिलिरुबिन ४.२ हे घोड्यालाही थोडं जास्तच, पण त्यातलं जवळजवळ सगळं अप्रत्यक्ष प्रकारचं, म्हणजे यकृताने अजून न हाताळलेलं, होतं. आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, १२८. ते ठळक नव्हतं, त्याखाली लाल रेघही नव्हती, कारण माणसात १५० पर्यंत कुणी भुवई उंचावत नाही. विश्रांतीतल्या, खात्यापित्या थरोब्रेडचं ट्रायग्लिसराइड साधारणपणे याच्या निम्म्याहूनही कमी असतं. म्हणजे ज्या आकड्यांवर घर घाबरलं ते बहुतेक घोड्याचे नेहमीचे होते, आणि जो आकडा बोलत होता त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

हे दोन्ही आकडे एकाच धाग्याने बांधलेले आहेत. घोडा उपाशी राहिला की साठवलेली चरबी फुटते आणि मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड, रक्तातून यकृताकडे धाव घेतात. यकृताच्या पेशीत ज्या प्रथिनाला धरून बिलिरुबिन आत शिरतं, ती जागा मेदाम्लं अडवतात. बिलिरुबिन बाहेर रक्तातच रेंगाळतं आणि दिवसभराच्या उपासात आकडा चढतो. यकृत त्या वेळी ठणठणीत असू शकतं. माणसात एवढ्या उपासाने आकडा असा उसळत नाही, म्हणून माणसांचा डॉक्टर हा विचार पटकन करणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. उलट बाजूने, मेदाम्लं जळून संपत नाहीत तेवढी यकृत पुन्हा ट्रायग्लिसराइडमध्ये बांधून रक्तात सोडतं. तो १२८ आकडा त्या परतीच्या मालाचा.

गाईत हेच घडलं असतं तर मी लघवीत कीटोन, म्हणजे चरबी फुटताना यकृतात बनणारी द्रव्यं, शोधले असते. व्यायलेल्या गाईची चरबी जास्त फुटली की कीटोसिस, म्हणजे कीटोन वाढण्याचा आजार, बहुधा ठरलेला. घोड्याची गोष्ट वेगळी; त्याचं यकृत कीटोन फारसे बनवत नाही, पण ट्रायग्लिसराइड बाहेर पाठवण्यात तरबेज असतं. म्हणून घोड्याच्या उपासाचा पत्ता लघवीच्या पट्टीवर लागत नाही, तो रक्तातल्या चरबीत शोधावा लागतो.

### दौडीत चरबी नेमकं काय करते

प्रश्न उरला: हे उपासाने झालं की दौडीने? नानांचा समज असा की घोडा तुपावर पळतो. पुतण्याचा समज मोबाईलवरून आलेला, की जितका जोरात पळवाल तितकी चरबी जळते. दोघंही ठाम होते आणि दोघांचंही उत्तर एकाच ठिकाणी आहे.

बाराशे मीटरला चांगल्या थरोब्रेडला साधारण सव्वा मिनिट लागतं. तेवढ्यात हृदयाचे ठोके २२० च्या पुढे जातात. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतल्या जातात आणि रक्तातलं पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासचं ६० च्या वर चढतं; हे माणसाला जमत नाही. एवढं करूनही प्राणवायू अपुरा पडतो. चरबी प्राणवायूशिवाय जळत नाही. तितक्याच ऊर्जेसाठी पिष्टापेक्षा तिला प्राणवायू थोडा जास्तच लागतो, आणि त्या वाटेने ऊर्जा हाती येते तीही सावकाश. म्हणून भरधाव स्नायू आपल्या आतच साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, फोडतो आणि त्यातून उरणारं लॅक्टेट साठवत जातो. विश्रांतीत १ मिलिमोलच्या आसपास असलेलं लॅक्टेट शर्यतीनंतर २० च्या पुढे जाऊ शकतं. सव्वा मिनिटाच्या या हिशोबात तुपाला जागाच नाही.

तरीही चरबी फोडण्याचा हुकूम सुटलेला असतो. ॲड्रिनलिन उसळतं, इन्सुलिन खाली बसतं, आणि चरबीच्या पेशीतलं लायपेज हे विकर साठ्याचे तुकडे पाडू लागतं: एक ग्लिसरॉल, तीन मेदाम्लं. ग्लिसरॉल पाण्यात विरघळतं, ते सरळ रक्तात येतं. मेदाम्लांना अल्ब्युमिनचा, रक्तातल्या वाहक प्रथिनाचा, आधार लागतो, आणि नेमकं त्याच वेळी चरबीकडे जाणारं रक्त आखडून स्नायूंकडे वळवलेलं असतं. वर लॅक्टेट स्वतःच चरबी फुटण्याला लगाम घालतं. जी मेदाम्लं स्नायूपर्यंत पोहोचतात त्यांनाही आत शिरताना अडचण. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांच्या, दारातून त्यांना कार्निटिन हे वाहक द्रव्य आत नेतं, आणि ग्लायकोजेन धडाधड फुटत असताना मोकळं कार्निटिन शिल्लक राहत नाही. लासलगावला लिलाव बंद पडला की कांद्याचे ट्रॅक्टर भरलेले असतात, रस्त्यावर उभे असतात, पण माल बाजारात दिसत नाही. आणि लिलाव सुरू झाला की सगळे एकदम आत घुसतात. दौडीनंतरची पहिली काही मिनिटं तशीच. ठोके उतरतात, चरबीकडे रक्त परत वाहू लागतं, आणि अडकलेली मेदाम्लं एकदम रक्तात येतात. रक्तातली चरबी दौडीत चढते त्यापेक्षा दौड थांबल्यावर जास्त चढते.

आणि मग ती कामाला येते. दौडीनंतर स्नायू मिळेल तेवढं ग्लुकोज ग्लायकोजेनचा साठा भरायला वळवतो, आणि स्वतःचा चालू खर्च चरबीवर भागवतो. माणसाचा साठा नीट खाल्लं तर दिवसभरात बराचसा भरतो. घोड्याला ४८ ते ७२ तास लागतात, आणि चंदी दुप्पट करूनही त्यात फारसा फरक पडत नाही. पुतण्या त्याला एक दिवसाआड भरधाव काढत होता. म्हणजे घोडा प्रत्येक वेळी अर्धवट भरलेल्या टाकीवर पळत होता, आणि नंतर 'तूप कमी पडलं' म्हणून तूप वाढत होतं.

पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. चरबी जळते ती दुडकीत आणि चालीत. ठोके १५० च्या आत असताना प्राणवायू पुरतो, लॅक्टेट साठत नाही आणि स्नायू बिनदिक्कत मेदाम्लं खातो. असं संथ, लांब काम आठवड्यांमागून आठवडे दिलं की स्नायूत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, मेदाम्लं तोडणारी विकरं वाढतात, आणि तोच घोडा त्याच वेगाला आधीपेक्षा जास्त चरबी व कमी ग्लायकोजेन वापरू लागतो. शर्यतीच्या शेवटच्या दोनशे मीटरसाठी उरलेलं ग्लायकोजेन असं वाचवलेलं असतं. रेसकोर्सवरचे जुने ट्रेनर पहाटे घोड्यांना तासभर नुसतं फिरवतात, त्यांना हे शरीरशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं. घोडा पाहून कळलेलं असतं.

### तीच दौड, पोटात चारा असताना

आधी घोडा सावरला. दिवसभर थोडा थोडा लसूण घास आणि कडबा, पाण्यात मीठ, उसाचा रस बंद. दोन दिवसांत चंदीही खाऊ लागला आणि नाडी चाळिशीच्या आत आली. नाना मात्र म्हणाले, "डॉक्टर, पुन्हा पळवला आणि पुन्हा कावीळ झाली तर?" प्रश्न रास्त होता, आणि उत्तर तोंडी देऊन भागणार नव्हतं. पंधरवडाभर नीट खाऊ घातल्यावर आम्ही घरच्याच मैदानावर बाराशे मीटरची एक पूर्ण दौड काढली. रात्रभर गव्हाणीत कडबा होता, पहाटे दीड किलो वाळला चारा दिला, चंदी नाही. रक्त चार वेळा घेतलं: दौडीआधी, थांबल्याबरोबर, अर्ध्या तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी. नळ्या बर्फात ठेवल्या, दवाखान्यात यंत्रात फिरवून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा केला आणि थर्माकोलच्या डब्यातून पुण्याला जनावरांची तपासणी करणाऱ्या लॅबला पाठवला. मेदाम्लांचं मोजमाप मोकाट ठेवलेल्या नळीवर करून उपयोग नसतो. उष्णतेत चरबी नळीतच फुटत राहते आणि आकडा खोटा चढतो.

थांबल्याबरोबर बोटभर मीटरवर लॅक्टेट १८ होतं. मेदाम्लं दौडीआधी ०.१ मिलिमोल, थांबल्यावर ०.३, आणि अर्ध्या तासाने ०.८, कांद्याचे ट्रॅक्टर आत घुसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तळाला. ट्रायग्लिसराइड ३८ वरून ५२, मग ६०, आणि सकाळी ४०. यातली पहिली वाढ थोडी फसवी आहे. घाम आणि प्लीहेतल्या पेशींमुळे रक्त घट्ट होतं, तेव्हा रक्तातलं सगळंच वाढल्यासारखं दिसतं. एकूण प्रथिनं बरोबरीने मोजली तर ते कळतं. दुसऱ्या दिवशीचं बिलिरुबिन १.९.

एका घोड्याच्या आकड्यांवरून नियम काढायचा नसतो. पण नानांचा प्रश्न एका घोड्यापुरताच होता. तोच घोडा, तेच अंतर (पहिल्या वेळी दोनदा), मोठा फरक चाऱ्याचा. पहिल्या वेळी रात्रभराच्या उपासाने, थंडीने आणि प्रवासाच्या धास्तीने चरबीची तोटी आधीच उघडी होती. दौडीने ती आणखी मोकळी केली, आणि नंतर घोडा न खाल्ल्याने ती बंद करणारं इन्सुलिन वर आलंच नाही. दौडीनंतरचा तास-दोन तासांचा चढ हे घोड्याचं रोजचं काम आहे. दुसऱ्या दिवशी टिकून राहिलेला चढ उपासाचा होता.

चाऱ्याचं आणखी एक देणं लोक विसरतात. घोड्याच्या मोठ्या आतड्यात तंतूंचं आंबवण होतं आणि त्यातून ॲसिटेटसारखी हलकी मेदाम्लं कितीतरी तास रक्तात झिरपत राहतात. स्नायू ती थेट जाळू शकतो. रात्री गव्हाण रिकामी केली की हा सावकाश चालणारा पुरवठाही तुटतो, आणि शरीराला अंगावरच्या चरबीकडेच वळावं लागतं.

### उसाचा रस, तूप आणि तेल

उसाच्या रसाबद्दल नानांनी मला कोंडीत पकडलं. रस दिल्यावर डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते खोटं नव्हतंच. साखर पोटात गेली, इन्सुलिन वर आलं, चरबीची तोटी बंद झाली, यकृतातली अडवलेली जागा मोकळी झाली आणि बिलिरुबिन उतरू लागलं. रक्तात चरबी माजलेल्या तट्टांना दवाखान्यात ग्लुकोज देतात ते याच तत्त्वावर. पण कडब्याच्या चार पेंढ्यांनीही हेच झालं असतं, बिनधोक. बादलीभर रसातली साखर लहान आतड्यात पचून संपली नाही तर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, तिथली आम्लता वाढते, आणि त्याचं बिल खुरांना भरावं लागतं. खुराच्या आतल्या पडद्यांना सूज आली की घोडा महिनोन्महिने उभा राहायलाही कुरकुरतो. दौडीच्या सकाळी गूळपाणी पाजायची पद्धत तर मी सरळ बंद करायला लावली. दौडीच्या दोन-तीन तास आधी साखर किंवा दाणा गेला की इन्सुलिन वर असतानाच घोडा सुटतो. मेदाम्लं रक्तातून गायब, आणि सुरुवातीलाच ग्लुकोजही घसरतं. चंदी दौडीच्या किमान चार तास आधी संपलेली असावी. थोडा चारा चालतो.

पोट हलकं ठेवण्याचा मुद्दा मी उडवून लावला नाही. चाऱ्याबरोबर आतड्यात पाणीही साठतं आणि काही किलो वजन वाढतं, हे खरंच आहे. त्यावर उपाय चारा कमी करणं हा आहे, तोडणं हा नाही.

घोड्याचं वजन काट्याविना काढायचं तर छातीच्या घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. याचा घेर १८५, लांबी १५८, म्हणजे वजन ४५५ किलोच्या आसपास. वजनाच्या दीड टक्का तरी कोरडा चारा रोज पोटात जायलाच हवा, म्हणजे सात किलो. आधी जेमतेम निम्मा जात होता, बाकी सगळी भर बाजरी, हरभरा, गव्हाचा कोंडा आणि गुळावर. चंदी तीन वेळांत विभागली, एका वेळी दीड किलोच्या वर नाही. हरभरा कमी केला, गूळ काढला. कोंडा मूठभर ठेवला. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे तो बादलीने घालायची गोष्ट नाही.

तुपावर चर्चा सगळ्यात लांबली. तूप विष नाही, पण घोड्याच्या आतड्याला वनस्पती तेल जास्त चांगलं पचतं, आणि तुपाच्या भावात तेल कितीतरी येतं. घोड्याला पित्ताशय नाही, तरी पित्त सतत झिरपत असल्याने सवयीने तेल छान पचवतो. सवयीला मात्र वेळ लागतो: दिवसाला ५० मिलिलिटरपासून सुरुवात आणि तीन आठवड्यांत २५० पर्यंत, चंदीत कालवून. एकदम ओतलं तर लीद तेलकट आणि पातळ होते. तेलाबरोबर ई जीवनसत्त्व वाढवावं लागतं. तेलाने सव्वा मिनिटाची दौड वेगवान होणार नाही, हे नानांना मी तीन-चार वेळा सांगितलं. मिळतं ते वेगळं: पिष्ट कमी करूनही ऊर्जा पुरते, घोडा कमी उधळतो, संथ कामात ग्लायकोजेन शिल्लक राहतं. नानांनी तेल मान्य केलं. तूपही सुरू आहे, चमचाभर, सणावाराला. तेवढ्यावरून मी भांडलो नाही.

भरधाव दौड आता आठवड्यातून दोनदाच, मधे किमान दोन मोकळे दिवस. बाकी दिवस लांब दुडकी. पुतण्याने मनगटावरच्या घड्याळाला जोडता येणारा ठोके मोजायचा पट्टा मागवलाय आणि १५० चा आकडा त्याला आवडू लागलाय. दौडीनंतर लगेच बांधायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटं हातात धरून चालवायचं. उभ्या घोड्यापेक्षा चालत्या घोड्याचं लॅक्टेट लवकर उतरतं, आणि त्या चालीतच रक्तात आलेल्या मेदाम्लांना गिऱ्हाईक मिळतं.

निघताना तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला एक गुबगुबीत तट्टाणी दिसली, मानेवर चरबीची पाळ आलेली. मुलांना फिरवायला आणलेली. तिला बारीक करायचं म्हणून पुतण्याने तिचा एक वेळचा चारा बंद केला होता. मला कुम्मैत घोड्यापेक्षा हिची धास्ती जास्त वाटली. थरोब्रेड उपास बऱ्यापैकी निभावून नेतो. लठ्ठ तट्टू आणि गाढव निभावत नाहीत. त्यांच्यात इन्सुलिन नीट काम करत नाही, चरबी फुटायला लागली की थांबत नाही, ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे जाऊन सीरम दुधासारखं पांढरं होतं, यकृतात चरबी भरते आणि वाचवणं कठीण जातं. आजारपणात, प्रवासात किंवा गाभण असताना खाणं सुटलं की एक-दोन दिवसांतही हे सुरू होऊ शकतं. तिचं रक्त त्याच दिवशी पाठवलं. ट्रायग्लिसराइड ९० आलं. घाबरण्याइतकं नाही, तरी उपास तिथेच मोडला. तिला चंदी नाही, तेल नाही, गूळ नाही. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवून, पाणी फेकून, दिवसभरात विभागून द्यायचं, वजनाच्या दीड टक्का. भिजवल्याने त्यातली साखर बरीच निघून जाते. आणि रोज अर्धा तास दुडकी. महिन्याने घेर पुन्हा मोजायचाय. तिने एखादा वेळचा चाराही तोंडात घेतला नाही तर लॅबच्या वाटेला न जाता आधी मला फोन करायचा, असं चाचांना बजावून ठेवलंय.